एकाच मतपत्रिकेवरची दोन मनं : केंटकी, 2023

मंडळी, सुरुवातीलाच एक शब्द बाजूला काढून ठेवतो : राज्यपाल. अमेरिकेतल्या गव्हर्नरला आपल्याकडच्या बातम्यांत सर्रास राज्यपाल म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, तो मतं मागायला कुणाच्या दारात जात नाही. तिकडे गव्हर्नर थेट लोकांतून निवडून येतो. सगळं राज्य हाच त्याचा एक मतदारसंघ. कारभार बघितला तर तो मुख्यमंत्री, पण त्याची खुर्ची आमदारांच्या बहुमतावर टेकलेली नसते. विधिमंडळ एका पक्षाचं आणि गव्हर्नर दुसऱ्या पक्षाचा, असं तिकडे खुशाल होतं. म्हणून आज मी गव्हर्नर हाच शब्द वापरणार आहे.

आज बोलायचं आहे ते केंटकी या राज्याबद्दल. पूर्वेला ॲपलॅचियन डोंगर आणि कोळशाच्या खाणी, मध्ये घोड्यांची कुरणं, पश्चिमेला शेती. 2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ट्रम्प इथे जवळजवळ 26 टक्क्यांच्या फरकाने जिंकले. विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात 100 पैकी 80 जागा रिपब्लिकन पक्षाच्या. अशा राज्यात 7 नोव्हेंबर 2023 ला अँडी बेशिअर हे डेमोक्रॅट गव्हर्नर दुसऱ्यांदा निवडून आले. त्यांना साधारण 6 लाख 94 हजार मतं, विरोधात उभ्या असलेल्या डॅनियल कॅमेरॉन यांना 6 लाख 27 हजार. टक्क्यांत सांगायचं तर साडेबावन्न विरुद्ध साडेसत्तेचाळीस. मतदान संध्याकाळी सहाला संपलं आणि रात्रीच्या जेवणाच्या सुमारास निकाल स्पष्ट झाला होता.

या निकालावर अनेकांनी लिहिलं की केंटकी बदललं. मला ते पटत नाही. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर राज्यातली बाकीची पदंही होती. ॲटर्नी जनरलची, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाची, जागा रिपब्लिकन उमेदवाराने 58 टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकली, निवडणुकांचं काम बघणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेटची 60 च्या आसपास. म्हणजे मतदानाला आलेल्या दर शंभरातल्या निदान दहा माणसांनी गव्हर्नरच्या रकान्यात बेशिअर आणि खालच्या रकान्यांत रिपब्लिकन अशी मतं दिली.

केंटकीची मतपत्रिका कागदाची असते, नावापुढचा लंबगोल पेनाने काळा करायचा. सगळ्यात वर पक्षांचे लंबगोल असतात. त्यातला एकच भरला की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं, खाली उतरायचीसुद्धा गरज नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी ही सोय कधीच काढून टाकली, केंटकीने ठेवली आहे. आता तिथला एखादा पक्का रिपब्लिकन माणूस डोळ्यांसमोर आणा. सकाळी सहाला, कामावर जाण्याआधी तो रांगेत उभा आहे. वरचा एक लंबगोल भरून तो दहा सेकंदांत मोकळा होऊ शकतो. त्याऐवजी तो थांबतो आणि एका रकान्यात वेगळ्या माणसाचं नाव शोधतो. ते थांबणं मला फार मोलाचं वाटतं, आणि ते कुठून आलं एवढंच आज मला सांगायचं आहे.

त्यासाठी चार वर्षं मागे जावं लागेल. 2019 मध्ये बेशिअर पहिल्यांदा निवडून आले ते विद्यमान रिपब्लिकन गव्हर्नर मॅट बेव्हिन यांना हरवून. चौदा लाखांहून जास्त मतदान आणि फरक किती, तर 5 हजार 136. बेव्हिन यांनी आकडे पुन्हा तपासून घ्यायला लावले आणि आठवड्याभराने हार मान्य केली. बेव्हिन पडले ते मुख्यतः शिक्षकांच्या रोषामुळे. मार्च 2018 मध्ये शिक्षकांच्या पेन्शनमध्ये बदल करणारं 291 पानी विधेयक आलं. ते आलं कसं? सांडपाण्याच्या व्यवस्थेबद्दलचं एक छोटं विधेयक आधीच सभागृहात होतं. त्यातला मजकूर काढला, त्या जागी पेन्शनचा मजकूर घातला आणि काही तासांत मंजूर करून घेतलं. दुसऱ्या दिवशी शिक्षक शाळा सोडून राजधानी फ्रँकफर्टला पोचले. "नोव्हेंबरमध्ये लक्षात ठेवू" असे फलक त्यांच्या हातात होते. बेव्हिन पुढे असंही बोलून गेले की शाळा बंद राहिल्यामुळे कुठेतरी एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल. त्याबद्दल त्यांनी माफी मागितली, पण शब्द तोंडातून गेले ते गेले.

त्या वेळी बेशिअर ॲटर्नी जनरल होते. ते या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. केंटकीच्या घटनेनुसार प्रत्येक विधेयकाचं वाचन तीन वेगवेगळ्या दिवशी व्हावं लागतं. सांडपाण्याच्या विधेयकाची वाचनं पेन्शनच्या विधेयकाला चालणार नाहीत, असं म्हणत डिसेंबर 2018 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा रद्द केला. 2019 ला बेशिअर यांनी जोडीची उमेदवार म्हणून, म्हणजे लेफ्टनंट गव्हर्नरसाठी, जॅकलिन कोलमन या शिक्षिकेलाच घेतलं.

गव्हर्नर होऊन तीन महिने होतात न होतात तोच कोविड आला. रोज संध्याकाळी पाच वाजता बेशिअर टीव्हीवर यायचे. शेजारी खुणांच्या भाषेत सांगणारी व्यक्ती उभी असे. आकडे सांगायचे, गेलेल्या माणसांबद्दल बोलायचे. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांना एकटं वाटू नये म्हणून रात्री घराबाहेर हिरवा दिवा लावा, असं त्यांनी सांगितलं आणि गावोगाव हिरवे दिवे लागले. सगळ्यांना हे आवडलं असं नाही. मे 2020 मध्ये निदर्शकांनी त्यांचा पुतळा करून राजधानीत झाडाला फासावर लटकवला. निर्बंधांविरुद्ध जे खटले झाले त्यांत पुढे होते त्या वेळचे ॲटर्नी जनरल. ते म्हणजेच डॅनियल कॅमेरॉन, 2023 चे प्रतिस्पर्धी.

मग 10 डिसेंबर 2021 ची रात्र. टोर्नेडो वादळाने पश्चिम केंटकी उभं चिरत नेलं. मेफिल्ड गावात मेणबत्त्यांचा कारखाना रात्रपाळीवरच्या कामगारांसकट कोसळला. डॉसन स्प्रिंग्ज हे तर बेशिअर यांच्या वडिलांचं गाव. त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज भर पत्रकार परिषदेत दाटून आला. सात महिन्यांनी, जुलै 2022 मध्ये, पूर्वेच्या डोंगरांत पूर आला. अरुंद दऱ्यांमध्ये ओढ्याच्या काठाकाठाने वसलेली घरं रात्रीत वाहून गेली, चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर सरकारने ठरवलं की त्याच काठावर पुन्हा घरं बांधायची नाहीत. पूररेषेच्या वर नव्या वसाहती उभ्या करायच्या. त्यांतल्या काहींसाठी जुन्या कोळसा खाणींनी सपाट करून सोडलेले डोंगरमाथेच निवडले. जो कोळसा संपला आणि ज्याने माणसं बेकार केली, त्याच्याच जागेवर घरं.

2023 च्या निकालात लेचर आणि पेरी या पूरग्रस्त काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग, बेशिअर यांच्या बाजूने गेल्या. 2020 ला तिथे दहातली जवळपास आठ मतं ट्रम्प यांना पडली होती.

इथे मला किल्लारी आठवते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा तो भूकंप. शरद पवार मुख्यमंत्री होते, तातडीने तिकडे पोचले आणि त्या वेळच्या मदतकार्याचं, पुनर्वसनाचं आजही नाव निघतं. पण 1995 ला सत्ता गेली. त्याला कारणं पुष्कळ होती, त्यात मी शिरत नाही. मला फरक दाखवायचा आहे तो रचनेतला. लातूर-उस्मानाबादच्या मतदाराला मुख्यमंत्र्याच्या कामाची पावती द्यायची, तर ती द्यायला त्याच्या मतपत्रिकेवर मुख्यमंत्र्याचं नावच नव्हतं. तिथे स्थानिक उमेदवार होता आणि त्याचा पक्ष होता. लेचर काउंटीतल्या माणसापुढे मात्र, चिखलात उभं राहून आपल्याशी बोललेल्या माणसाचं नाव छापलेलं होतं. डेमोक्रॅटिक पक्षावरचा राग त्याला सोडावा लागला नाही. तो राग त्याने खालच्या रकान्यांत ठेवला.

प्रचाराबद्दल थोडक्यात. कॅमेरॉन हे राज्याचे पहिले कृष्णवर्णीय ॲटर्नी जनरल, सेनेटमधले त्या वेळचे रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांचे जुने कायदेविषयक सल्लागार, ट्रम्प यांचा पाठिंबा मिळालेले. बेशिअर म्हणजे बायडेन, हे त्यांचं सूत्र. बेशिअर यांनी बायडेन हा विषयच टाळला आणि रस्ते, पूल, पिण्याचं पाणी, ग्लेनडेलचा फोर्डचा बॅटरी कारखाना यावर बोलत राहिले. गर्भपाताच्या प्रश्नावर मात्र ते मागे हटले नाहीत. राज्याच्या कायद्यात बलात्कारातून राहिलेल्या गर्भालाही सवलत नव्हती. लहानपणी अत्याचार सोसलेली एक तरुणी त्यांच्या जाहिरातीत थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलली. आपल्याकडे अशी जाहिरात निघाली तर केवढा गदारोळ होईल याची कल्पना करा. तिच्या धैर्याला मी आजही हात जोडतो.

आता आकड्यांकडे परत येऊ, कारण एक गोष्ट फार कमी लोकांनी सांगितली. 2019 ला बेशिअर यांना 7 लाख 9 हजारांच्या वर मतं होती. 2023 ला 6 लाख 94 हजार. म्हणजे ज्याला दणदणीत विजय म्हटलं गेलं, त्यात त्यांची मतं पंधरा हजारांनी घटली! तरी आघाडी पाच हजारांवरून सदुसष्ट हजारांवर गेली. कारण बेव्हिन यांच्या तुलनेत कॅमेरॉन यांना सत्त्याहत्तर हजार मतं कमी पडली. मतदानच 42 टक्क्यांवरून 38 च्या आसपास उतरलं होतं. तेव्हा काहींनी रकाना बदलला हे खरं, आणि काही घरीच बसले हेही तितकंच खरं. बेशिअर यांच्याविषयी मला आदर आहे, पण म्हणून हा दुसरा भाग मी झाकून ठेवणार नाही.

आणि निवडून आल्यावर हाती काय आलं? केंटकीत गव्हर्नरचा नकाराधिकार मोडायला दोन तृतीयांश मतं लागत नाहीत. दोन्ही सभागृहांत निम्म्याहून एक जास्त सभासद पुरतात. ट्रान्सजेंडर मुलांवर निर्बंध घालणारं विधेयक मार्च 2023 मध्ये बेशिअर यांनी नाकारलं, विधिमंडळाने काही दिवसांत ते पुन्हा मंजूर केलं. दुसऱ्या कारकिर्दीतही हेच चालू राहिलं. तिसऱ्यांदा लगेच उभं राहता येत नाही. सलग दोन कार्यकाळांची मुभाच 1992 च्या घटनादुरुस्तीने मिळालेली, त्याआधी तर एकच.

मग एक वर्षाने, नोव्हेंबर 2024 मध्ये, तोच मतदार पुन्हा रांगेत आला. ट्रम्प यांना त्याने 64 टक्क्यांहून जास्त मतं दिली. त्याच कागदावर एक घटनादुरुस्तीही होती, सरकारी पैसा खाजगी शाळांकडे वळवण्याचा रस्ता मोकळा करणारी. रिपब्लिकन विधिमंडळाने ती मांडली होती, आणि बेशिअर आणि कोलमन तिच्याविरुद्ध गावोगाव फिरले होते. ती दुरुस्ती पडली. केंटकीत 120 काउंट्या आहेत आणि त्यातल्या एकाही काउंटीत तिला बहुमत मिळालं नाही.