पाठमोरी चित्रं

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी.

सकाळपासून तिघाचौघांनी मला हळूच बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, तुमची चित्रं उलटी लागलीत." लागलेली नाहीत, लावली आहेत. पलीकडच्या टेबलावर चार चित्रं आहेत आणि त्यातल्या तिघांची पाठ तुमच्याकडे आहे. का, तेच सांगायला मी उभी आहे. चौथ्याचं तोंड तुमच्याकडे का, ते शेवटी.

ही चित्रं माझ्या सासऱ्यांची. घरात आणि बाहेरही सगळे त्यांना अण्णा म्हणत. १९६५च्या स्थलांतराच्या कायद्यानंतर अमेरिकेत आलेल्या आपल्या माणसांची गोष्ट निघाली की आपण डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक यांचीच सांगतो. अण्णा त्यातले नव्हते. ते पॅटर्नमेकर होते. त्या कायद्यात कामगारांसाठी सहावा प्राधान्यगट होता, त्यातून ते १९७१ साली इथे आले आणि एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये लागले.

पॅटर्नमेकर म्हणजे काय करतो, हे लग्नाला दहा वर्षं होईपर्यंत मलाही धड ठाऊक नव्हतं. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर तो आधी लाकडात घडवावा लागतो. ते लाकूड वाळूत दाबून ठसा घ्यायचा, मग अलगद काढायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. ओतीव लोखंड थंड होताना फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा हवा. त्यासाठी या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट आपल्या फुटाहून किंचित लांब. श्रिंक रूल म्हणतात तिला. अण्णांची अजून आमच्याकडे आहे. माझा मुलगा एकदा तीच पट्टी शाळेत घेऊन गेला आणि त्या दिवशी त्याची भूमितीतली सगळी मापं थोडी थोडी चुकली.

१९७८च्या हिवाळ्यात अण्णांनी तळघरात चित्रं काढायला सुरुवात केली. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की पाइनच्या फळ्यांचे तुकडे टाकवत नव्हते म्हणून काढली. मला हे कारण बाकीच्या कुठल्याही कारणापेक्षा खरं वाटतं. पुढे फळ्यांबरोबर कॅनव्हासही आला. २००९ साली ते गेले तेव्हा मोजली, तर एकतीस चित्रं निघाली.

आता खरं सांगायचं तर घरात ही चित्रं कुणाला फारशी आवडत नव्हती. एक तर विषय. गावचं घर नाही, नदीचा घाट नाही, देऊळ नाही. काय आहे, तर फाउंड्रीचं आवार, बर्फातलं पार्किंग, शेजाऱ्याचं गॅरेज, एक पूल, पुन्हा तोच पूल. आम्हाला वाटायचं, या माणसाला आपलं काही आठवत कसं नाही? आणि दुसरं म्हणजे रंग. सुरुवातीच्या सगळ्या चित्रांत काळा, तांबडा आणि पिवळा. गॅरेज तांबडं, भिंत काळी, आणि कुठेतरी मध्येच एक कारण नसलेला पिवळा चौकोन. माझ्या नणंदेनं तर एकदा तोंडावर विचारलं होतं, "अण्णा, दुसरे रंग महाग होते का?"

याचं उत्तर मला ते गेल्यावर मिळालं, त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून. लाकडी पॅटर्न रंगवायची इथे एक ठरलेली पद्धत होती. ओतल्यावर जो पृष्ठभाग तसाच राहायचा तो काळा. ज्याचं पुढे मशीनिंग व्हायचं तो तांबडा. आणि कोअर प्रिंट पिवळा, म्हणजे जिथे आतली पोकळी राखणारा गाभा टेकतो ती जागा. हे कळल्यावर मी तळघरात जाऊन सगळी चित्रं पुन्हा मांडली. शेजाऱ्याच्या गॅरेजचं दार तांबडं होतं, कारण तो माणूस ते दर दोन वर्षांनी दुरुस्त करायचा. भिंतीला कुणी हात लावत नव्हतं, ती काळी. आणि पिवळा चौकोन म्हणजे खिडकी. आत कुणीतरी आहे ती जागा. हा माझा अर्थ आहे, अण्णांनी तो तपासलेला नाही. पण त्या दिवसानंतर मी त्या चित्रांना भडक म्हटलेलं नाही.

कामगारानं चित्रं काढली की ती त्याच्या कामाच्या सवयीनंच निघतात, हे मी पुढे दोन मोठ्या नावांच्या बाबतीतही वाचलं. मॉरिस हर्शफील्ड हा पोलंडमधून न्यूयॉर्कला आलेला माणूस. आधी कोट शिवायच्या धंद्यात होता, मग सपाता बनवायचा कारखाना काढला. आजारपणामुळे धंदा सोडला आणि १९३७ साली, पासष्टीच्या घरात, रंग हातात घेतले. तो आधी कागदावर पूर्ण मापाचं रेखाटन करायचा आणि शिंपी बेतावरून कापड आखतो तसं ते कॅनव्हासवर उतरवायचा. पहिल्या दोन चित्रांना त्यानं घरात टांगलेली जुनी चित्रंच घेतली आणि त्यांच्यावरच रंगवलं. १९४३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्याचं एकट्याचं प्रदर्शन भरवलं.

दुसरा जॉन केन, स्कॉटलंडहून आलेला. खाणीत काम केलं, रस्ते फरसबंद केले, रेल्वेच्या अपघातात एक पाय गमावला, मग मालगाडीचे डबे रंगवायच्या कामाला लागला. जेवणाच्या सुटीत तो त्या डब्यांच्या अंगावर निसर्गचित्रं काढायचा आणि सुटी संपली की कारखान्याच्या रंगाचा हात मारून ती झाकून टाकायचा. १९२७ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी इंटरनॅशनल प्रदर्शनात त्याचं चित्र निवडलं गेलं तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता. चित्र स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाचं होतं. पण पिट्सबर्गचे पूल, कारखाने आणि टेकड्याही त्यानं तितक्याच मायेनं रंगवल्या. हे वाचल्यावर अण्णांच्या पुलाबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतली. माणूस रोज ज्या पुलावरून कामाला जातो, तो पूल परका किती दिवस राहणार?

पण केनच्या गोष्टीतलं मला जे सुटत नाही ते डब्यांवरच्या त्या चित्रांचं. किती असतील? ती पाहणारी माणसं होती, शेजारी बसून डबा खाणारे सोबती होते. दुपारी एकही उरत नव्हतं.

आता पाठीकडे येते.

अण्णांनी एकाही चित्रावर पुढून सही केलेली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पॅटर्न कधी गिऱ्हाइकाला दिसतो का?" पण मागच्या बाजूला त्यांनी प्रत्येक चित्राचं जॉब कार्ड लिहिलं. फळी असेल तर फळीवर, कॅनव्हास असेल तर मागच्या लाकडी चौकटीवर, साध्या पेन्सिलीनं. मराठी, इंग्रजी, जसं हाताला येईल तसं. एक वाचून दाखवते: "पाइन. अठरा बाय चोवीस. प्रायमर दोन्ही बाजूंनी. पहिला हात १२ फेब्रुवारी. सुकायला ९ दिवस. निळा कमी पडला, आकाश लहान केलं."

आकाश लहान केलं! कलासमीक्षकाला यावर चार पानं लिहिता आली असती.

या नोंदी किती शहाण्या होत्या ते मला फार उशिरा कळलं. 'प्रायमर दोन्ही बाजूंनी' का? तर लाकूड एकाच बाजूनं झाकलं की उघड्या बाजूनं हवेतली ओल जास्त शोषतं आणि वाकतं. लाकूड कसं वागतं हे पॅटर्नमेकरला कुणी शिकवायला नको. त्यांची एकही फळी आज वाकलेली नाही. 'सुकायला ९ दिवस' का? तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं. वरून कोरडा लागला तरी आतलं काम महिनोन्महिने चालूच असतं, म्हणून व्हार्निशला सहा महिने ते वर्षभर थांबायचं. जाता जाता, तुमच्याकडे कुणी तैलरंगात काम करत असेल तर जवसाच्या तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून टोपलीत टाकू नका. त्याच क्रियेत उष्णता निर्माण होते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. अण्णा त्या पाण्याच्या डब्यात बुडवून झाकण लावून ठेवायचे आणि आम्ही हसायचो.

एका कार्डावर फक्त एवढंच आहे: "शॉप बंद. शेवटचा दिवस. वीस बाय सोळा." तारीख १९८४ची. पुढे चित्र आहे रिकाम्या बाकांचं. एकही पिवळा चौकोन नाही.

ते गेल्यावर वाटणी आली. तीन भावंडं, आठ नातवंडं. आधी सगळ्या चित्रांचे पुढून आणि मागून फोटो काढून नंबर दिले. मग चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला आणि एकेकानं एकेक उचललं. पहिल्या फेरीत जो शेवटी, तो दुसऱ्या फेरीत पहिला. भांडण होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. पहिल्या फेरीत 'शॉप बंद' कुणीच घेईना, आणि ते घेतलं शेवटी सगळ्यात धाकट्या नातीनं, अकरा वर्षांच्या. म्हणाली, यात बसायला जागा आहे. एक अट सगळ्यांनी मान्य केली: ज्याला चित्र नको होईल त्यानं ते आधी घरात विचारायचं, बाहेर नाही.

एक कायद्याचा मुद्दा आम्हाला नंतर कळला, तुम्हाला आधी सांगते. चित्र ज्याच्या भिंतीवर आहे त्याच्याकडे त्याचा कॉपीराइट येतोच असं नाही. या देशात चित्रकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं तो हक्क राहतो, म्हणजे अण्णांचा २०७९ अखेर. मृत्युपत्रात वेगळं काही नसेल तर तो वारसांकडे जातो, भिंतीकडे नाही. माझ्या पुतण्यानं त्याच्या वाट्याच्या चित्रांचं कॅलेंडर छापायचं ठरवलं तेव्हा तिन्ही भावंडांची परवानगी घ्यावी लागली. मिळाली. पण जूनच्या पानावर कुठलं चित्र, यावर वाटणीपेक्षा जास्त वाद झाला.

चुकाही झाल्या. एका घरी इंटरनेटवर वाचून अर्ध्या बटाट्यानं चित्र पुसलं गेलं. धूळ निघाली, पण ओल भेगांतून खाली गेली आणि एका कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटले. मऊ, कोरड्या ब्रशनं वरची धूळ काढणं, आणि तेही रंग कुठे सुटत नसेल तरच, एवढंच आपलं काम. पुढचं जाणत्या संवर्धकाचं. दुसऱ्या घरी चित्रं पाच वर्षं अंधाऱ्या कपाटात होती, बाहेर काढली तर पांढरा रंग पिवळट. घाबरू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं आणि उजेडात राहिलं की बराचसा पिवळेपणा उतरतो. थेट ऊन मात्र नको. आम्ही ती खिडकीपासून दूरच्या भिंतीवर लावली आणि दोन-तीन महिन्यांत बर्फ पुन्हा बर्फासारखा दिसायला लागला.

सगळ्यात मोठी चूक माझी. २०११ साली मी पुलाचं एक चित्र नव्या फ्रेमसाठी दिलं. फ्रेम सुंदर झाली. मागे स्वच्छ पांढरा पुठ्ठा. घरी आल्यावर उलटून पाहिलं आणि पोटात खड्डा पडला. अण्णांनी स्वतः केलेली जुनी चौकट काढून कॅनव्हास नव्या चौकटीवर ताणला होता. जुनी थोडी वाकली होती, टाकून दिली, असं मला अगदी सौजन्यानं सांगण्यात आलं. बरोबरच होतं त्यांचं. मी सांगितलं कुठे होतं, की मला मागचं हवंय? आणि आमचा फोटोही त्या एकाच चित्राचा मागून हललेला आला आहे. त्यात तीन शब्द लागतात: 'कॅनव्हास', 'थंडी' आणि 'परत'. परत काय? पुन्हा काढलं? परत आलो? परत जायचं?

तेच ते चौथं चित्र. म्हणून त्याचं तोंड तुमच्याकडे आहे. इतर पुलांसारखा हा पूल नाही. याला दोन कमानी आहेत आणि डाव्या काठाला एक पाण्याची टाकी. सत्तरच्या दशकात इथे आलेली बरीच मंडळी आज समोर बसली आहेत. कुणाला तो पूल ओळखू आला, त्या टाकीवर काय लिहिलेलं असायचं ते आठवलं, तर शेजारी कागद आणि पेन्सिल ठेवली आहे. पेन नको. आणि बाकीची तीन उलटून बघायची असतील तर जरूर बघा, फक्त दोन्ही हातांनी कडांना धरा, मधोमध बोट टेकवू नका.