विहिरीपर्यंत पोहोचलेले २०३ व्होल्ट

सांगली जिल्ह्यात पलूस-तासगावच्या पट्ट्यातून जाताना ऊस, हळद आणि द्राक्षबागांच्या मधल्या वस्त्या दिसतात, आणि अनेक वस्त्यांवर घराच्या भिंतीवरच्या मीटरपासून निघून बांधाच्या कडेने विहिरीकडे गेलेली केबलही दिसते. पंपाशी या भागाचे नाते जुने आहे. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी याच पलूस तालुक्यात आहे. मोटर जळली की दोष मोटरीला दिला जातो, नाहीतर लाईटला, आणि मोटर रिवाइंडिंगसाठी गावात नेली जाते. मीटर आणि मोटर यांच्या मध्ये पसरलेल्या तारेची चौकशी मात्र क्वचितच होते. ती चौकशी कशी करायची, हे या चित्रफितीत पाहू.

आधी न्हाणीघरातला गिझर घेऊ, कारण त्याच्या कॉइलचा हिशोब सरळ असतो. कॉइलच्या दोन टोकांमध्ये २३० व्होल्टचे विभवांतर (म्हणजेच व्होल्टेज किंवा विजेचा दाब) आहे आणि तिच्यातून ८.७ अँपिअर धारा वाहते आहे, असे धरू. विभवांतराला धारेने भागले की रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, मिळतो; तो येथे सुमारे २६.४ ओहम येतो. आणि त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते, ती सुमारे २,००० वॉट येते. आता व्होल्टेज २०० वर उतरले, तर कॉइलचा रोध जवळजवळ तेवढाच राहतो, धारा साडेसात अँपिअरच्या आसपास येते आणि शक्ती सुमारे १,५०० वॉटच उरते. व्होल्टेज तेरा टक्क्यांनी कमी झाले, पण शक्ती मात्र जवळजवळ पाव हिश्शाने घटली, कारण व्होल्टेजबरोबर धाराही कमी झाली.

विभवांतर, धारा आणि रोध यांना जोडणारा हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते जॉर्ज सायमन ओहम जर्मनीतील कोलोन येथे शिक्षक होते. त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या तारा मंडलात जोडून धारा किती कमी होते, हे मोजले. त्या काळच्या विद्युतघटांचा दाब स्थिर राहत नसे, म्हणून त्यांनी तांबे आणि बिस्मथ या दोन धातूंच्या सांध्यांपैकी एक उकळत्या पाण्याने तापवला, दुसरा बर्फात ठेवला आणि त्यातून मिळणारा स्थिर दाब वापरला. १८२७ साली त्यांचे विवेचन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. तारेची लांबी वाढली की रोध वाढतो, ही त्यांच्या प्रयोगातली गोष्ट आपल्या बांधावर रोज घडत असते.

विहिरीवर दीड अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर आहे, घरापासून विहीर २०० मीटर लांब आहे आणि केबल २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे, असे उदाहरण घेऊ. मोटर चालू असताना घरच्या पॅनेलवर २३० व्होल्ट दिसतात आणि विहिरीवरच्या स्टार्टरवर २०३ व्होल्ट. तारेभोवती पकडून धारा मोजणारा क्लॅम्प मीटर १० अँपिअर दाखवतो. मात्र तो केवळ फेजच्या तारेभोवती लावावा लागतो, कारण फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम पकडले तर येणारी आणि जाणारी धारा एकमेकींना रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो. दोन टोकांतला फरक २७ व्होल्टचा आहे. त्याला १० ने भागले की तारेचा रोध २.७ ओहम येतो.

आता हाच रोध दुसऱ्या बाजूने तपासू. या जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे सुमारे ७.४१ ओहम असतो, आणि जाणारी व परतणारी मिळून आपली तार ४०० मीटर आहे, म्हणजे रोध जवळजवळ २.९६ ओहम. आपल्या मोजणीतले उत्तर थोडे कमी आले, त्याचे कारण मोटरीत आहे. मोटरीत धारा दाबाच्या थोडी मागे राहते, म्हणून दोन व्होल्टेजची साधी वजाबाकी नेमकी बसत नाही. मोटरीच्या शक्तीलाही हेच लागू होते: २०३ गुणिले १० म्हणजे २,०३० वॉट असे न म्हणता त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे धारा मागे राहिल्याने शक्ती किती कमी भरते ते सांगणाऱ्या गुणकाने, गुणावे लागते, आणि तो ०.९ धरला तर शक्ती सुमारे १,८३० वॉट येते. व्होल्टेजला धारेने भागून मोटरीच्या वाइंडिंगचा रोध काढू पाहणेही चूकच ठरते.

तारेत वाया जाणारी शक्ती मात्र नेमकी काढता येते: धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १०० गुणिले २.९६, जवळजवळ २९६ वॉट. रोज पाच तास पंप चालला तर दीड युनिट वीज केवळ तार तापवण्यात जाते. सहा चौरस मिलिमीटरची केबल टाकली आणि धारा तेवढीच धरली, तर हा तोटा सुमारे १२३ वॉटवर येतो. गिझरच्या उलट, कमी व्होल्टेजवर तेवढेच पाणी उपसण्यासाठी मोटर जास्त धारा ओढते, आणि वाइंडिंगची उष्णता त्या धारेच्या वर्गाने वाढते. कमी व्होल्टेजवर मोटर जळते ती याच कारणाने.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या पाण्यावर १,९६० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प उभा आहे, आणि त्याची वीज उच्च दाबाने दूर पाठवली जाते, त्यामागेही धारेचा हाच वर्ग आहे: दाब दहापट केला की तेवढ्याच शक्तीला धारा एक दशांश पुरते आणि तारेतला तोटा शंभरावा हिस्सा होतो. शेतकऱ्याला दाब वाढवता येत नाही, म्हणून त्याच्या हाती तारेची जाडी आणि जोडांची देखभाल राहते.

मोजणीत विजेशी थेट संबंध येत असल्याने ती जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. दोन्ही टोकांचे व्होल्टेज, धारा आणि तारीख पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी. पुढच्या हंगामात धारा १० अँपिअरच असताना पॅनेलवर २३० आणि स्टार्टरवर १९४ व्होल्ट दिसले, तर रोध सुमारे एका ओहमने वाढला आहे. तांब्याची लांबी तर बदललेली नाही, म्हणजे तो वाढीव ओहम बहुधा बांधावरच्या एखाद्या सैल जोडात आहे, आणि बोटभर लांबीच्या त्या जोडात १०० वॉट उष्णता निर्माण होत आहे. काळी पडलेली टेप आणि वितळलेले वेष्टन दिसेल, ती जागा तीच.