अतिजड अणुकेंद्रकाचा शेवटचा स्पंद

श्रोतेहो, १९४० साली फ्ल्योरोव आणि पेत्रझाक या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांनी युरेनियमचे केंद्रक आपण होऊनही दुभंगते, म्हणजे त्याचे विखंडन होते, हे दाखवले, तेव्हा अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे ते दुभंगत असावे ही शंका उरू नये म्हणून त्यांनी आपले उपकरण मॉस्कोच्या दिनामो या भुयारी रेल्वे स्थानकात नेऊन मोजणी केली होती. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे साडेचार अब्ज वर्षांचे आहे. एकट्या विखंडनाचा हिशेब केला तर ते सुमारे ८ हजार लाख कोटी वर्षे भरते, म्हणजे साधारण अठरा लाख क्षयांमागे एक विखंडन. अतिजड मूलद्रव्यांच्या कित्येक समस्थानिकांत (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणुप्रकारांत) मात्र विखंडन हाच मुख्य मार्ग असतो आणि मोजायला अणू असतात मोजकेच.

प्लुटोनियम-२४४ वर कॅल्शियम-४८ चा झोत सोडला की क्वचित कधी फ्लेरोव्हियम-२८८ हे अतिजड केंद्रक तयार होते. नको असलेले कण बाजूला सारणाऱ्या विलगकातून पार होऊन ते सिलिकॉनच्या चकतीत काही मायक्रोमीटर खोल रुतते. चकतीवरच्या उभ्या-आडव्या बारीक पट्ट्यांमुळे ते नेमके कोणत्या चौकोनात रुतले, हे कळते. थोड्या वेळाने त्याच चौकोनात सुमारे ९.९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचा) नोंदला जातो, म्हणजे फ्लेरोव्हियमचे कोपर्निशियम झाले, आणि त्यानंतर साधारण दशांश सेकंदात दोनशे दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचा प्रचंड विद्युत स्पंद येतो: कोपर्निशियम-२८४ दुभंगले.

हा स्पंद ओळखायला सोपा, पण तो कोणाचा हे सांगायला अतिशय अवघड. अल्फा कणाची ऊर्जा आपल्या जनकाची ओळख पटवते. विखंडनाची ऊर्जा दर वेळी वेगळी असते, शिवाय एखादा तुकडा चकतीच्या पृष्ठभागातून निसटून जातो. म्हणून ओळख पटते ती आधीच्या घटनांवरून, जागा आणि वेळ जुळवून. आधी अल्फा कण नोंदलाच गेला नसेल, तर मी अशा नोंदीकडे फार सावधपणे पाहतो.

दुसरी अडचण आकड्यांची. फ्लेरोव्हियम-२८६ चे अर्धायुष्य सुमारे ०.१२ सेकंद आहे, पण त्याची जवळजवळ निम्मीच केंद्रके दुभंगतात, त्यामुळे विखंडनाचे आंशिक अर्धायुष्य, म्हणजे एकटे विखंडन धरून येणारे अर्धायुष्य, सुमारे दुप्पट येते. हे निम्मे प्रमाण मोजक्याच घटनांवरून काढलेले असते, म्हणून किती घटना पाहिल्या हे न सांगता दिलेले अर्धायुष्य मला अपुरे वाटते. घटना एकच असेल, तर खरे अर्धायुष्य तिच्यावरून काढलेल्या आकड्याच्या कित्येक पटही असू शकते.

आणि केंद्रक वाटेतच संपले तर? जर्मनीतील डार्मश्टाट येथे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगातील रुदरफोर्डियम-२५२ तळाच्या, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेत अवघे ६० नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) टिकते. विलगकातला प्रवास त्याहून लांबचा. सुदैवाने त्याची एक उत्तेजित अवस्था सुमारे १३ मायक्रोसेकंद जगते. त्या अवस्थेत ते चकतीपर्यंत पोहोचले, तिथे इलेक्ट्रॉन टाकून तळाशी उतरले आणि लगेच दुभंगले. इलेक्ट्रॉनचा तो बारीक स्पंद आणि त्याला लागूनच आलेला विखंडनाचा उंच स्पंद, यांच्यातल्या फटीतच ते ६० नॅनोसेकंद मोजले गेले.