उलटा पीळ

नमस्कार श्रोतेहो. बांधावरचं केकताड तुम्ही पाहिलेलं आहेच. कुणी घायपात म्हणतं. ते मूळचं आपलं नव्हे, मेक्सिकोकडचं. तिथल्या युकातानमधल्या सिसाल बंदरातून त्याचा वाख, म्हणजे पानातला धागा, जहाजांवर चढायचा, म्हणून त्याला जगभर सिसल म्हणू लागले. मळ्यांचे मालक गब्बर झाले आणि पानं तोडणारे माया मजूर कर्जातच राहिले.

मी गेलो होतो ग्वाटेमालात, आतित्लान तळ्याकाठच्या सान पाब्लो ला लागुना गावी. तिथले त्सुतुहिल माया लोक याच कुळातल्या झाडाच्या पानांचे दोर वळतात, झोळ्या विणतात. पानं ठेचायची, पाण्यात कुजवायची, गर खरवडून वाख उन्हात घालायचा. बस, एवढंच.

अंगणात एक आजोबा बसले होते, धोतरासारखी वर गुंडाळलेली विजार, उघडी मांडी. मी दुभाष्यामार्फत ऐट मारली, की आमचे आजोबाही दावी वळायचे! त्यांनी मुकाट्यानं वाखाच्या दोन बटा माझ्या हातात दिल्या. मी दोन्ही बटा मांडीवर पुढे लोटल्या, पीळ बसला. मग दोन्ही एकत्र धरून पुन्हा पुढेच लोटल्या. हात सोडला मात्र, सगळा दोर भुर्रकन उलगडून मोकळा! अंगणभर हशा. आजोबांनी माझा तळवा धरून मागे ओढला. पुढे लोटताना बटा वेगवेगळ्या, मागे ओढताना दोन्ही एकत्र. लक्षात ठेवा, दुसरा पीळ उलटा. उलटा! दोन्ही पीळ सुटायला बघतात आणि एकमेकांना अडवून धरतात, म्हणून दोर टिकतो.

आमच्याकडे मात्र हल्ली बैलाच्या गळ्यातही नायलॉन. बिचाऱ्याची मान सोलते, पण दोर स्वस्त ना! आणि पिशवी? ती तर दुकानदार फुकट देतो. असो.

ओल्या पानांना हात लावायचा हट्टही मीच केला होता. रात्रभर कोपरापर्यंत खाज, डोळ्याला डोळा नाही. सकाळी आजोबांनी तो दोर पूर्ण करून दिला. सुरुवातीची माझी चुकलेली वीतभर त्यांनी तोडली नाही, तिच्या पुढे एक गाठ मारली आणि तिथून स्वतः वळत गेले.

तो दोर आमच्या गच्चीत बांधलाय, कपडे वाळत घालायला. गाठीच्या अलीकडचं टोक अजून पिंजारलेलंच आहे.