दुधाचा खाडा, चालण्याचा खाडा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सलग अकरा दिवस गेले नव्हते. पहिले तीन दिवस पावसाचे होते, पुढचे चार सर्दीतापाचे आणि उरलेले चार निव्वळ संकोचाचे, कारण फाटकापाशी रोज भेटणारे एक काका "काय, दिसला नाहीत?" असे विचारतील आणि आपल्याला उत्तर सुचणार नाही, या धास्तीने मी भाजी आणायलासुद्धा लांबच्या गल्लीने जाऊ लागले होते. पन्नाशी उलटलेल्या बाईने चालायला गेले नाही म्हणून तोंड चुकवत हिंडावे, याचे आज हसू येते. तेव्हा येत नव्हते. त्यातही गंमत अशी, की त्या लांबच्या गल्लीने मी रोज चांगली वीस मिनिटे चालत होते आणि ते चालणे हिशेबात धरायला माझे मन मुळीच तयार नव्हते.

माझ्या पिढीतल्या अनेकांची व्यायामाशी पहिली ओळख शिक्षा म्हणूनच झाली, हे मला याच्या मुळाशी दिसते. उशीर झाला की मैदानाला दोन फेऱ्या आणि गृहपाठ विसरला की दहा उठाबशा, असा तो दर होता. मोठेपणी मास्तर उरले नाहीत, तेव्हा त्यांची छडी आपण आपल्याच हाती घेतली. रविवारी मित्रमंडळींसह तर्रीदार मिसळ खायला बसायचे आणि पहिला घास पोटात जाण्याआधीच "उद्या दोन फेऱ्या जास्त" असे जाहीर करायचे, हा प्रकार आपल्या नाशकात किती टेबलांवर चालत असेल! बिचाऱ्या मिसळीची चव त्यात जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्यांचीही जाते.

मनगटावरच्या घड्याळांनी या जाचात भर घातली आहे. दहा हजार पावले झाली नाहीत की दिवस फुकट गेला, असे मानणारे लोक रात्री अकरा वाजता हॉलमध्ये सोफ्याभोवती घिरट्या घालताना मी पाहिले आहेत. हा आकडा रूढ झाला तो 1965 साली जपानमधल्या एका कंपनीने विक्रीला आणलेल्या पावले मोजण्याच्या यंत्रामुळे. त्या यंत्राचे नावच 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचा मापक' असे होते. तो आकडा कोणा डॉक्टरांनी तपासून ठरवलेला नव्हता. पुढे 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी 72 वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा दिवसाला 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4,400 पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले आणि साधारण 7,500 पावलांच्या पुढे त्यात आणखी घट दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. मात्र 2020 च्या मार्गदर्शनात तिने सलग दहा मिनिटांची जुनी अट ठेवली नाही आणि काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेलेही चांगले, असे स्पष्ट म्हटले. म्हणजे माझी भाजीची पिशवी हिशेबात होती.

हिशेबाचेच निघाले म्हणून सांगते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ज्या दिवशी दूध घेतले नाही, त्या चौकटीत मी पेन्सिलीने 'खा' लिहिते. खा म्हणजे खाडा. महिनाअखेरीस खाडे वजा होतात आणि उरलेल्या दिवसांचे पैसे दिले जातात. दोन दिवस खाडा झाला म्हणून तिसऱ्या दिवशी कोणी तिप्पट दूध घेत नाही आणि महिना बिघडला म्हणून कोणी रतीबही बंद करत नाही. चालण्याच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच दोन्ही करतो: एक तर तापातून उठल्या-उठल्या दुप्पट अंतर चालून गुडघा सुजवून घेतो, नाहीतर तोंड कसे दाखवायचे म्हणून जाणेच सोडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांच्या नव्या सवयी कशा रुजतात ते पाहिले, तेव्हा एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसे बिघडत नाही, असेच त्यांना आढळले. सातपूर-अंबडला रात्रपाळी करून सकाळी घरी परतणाऱ्या माणसाला, किंवा पहाटे पाण्यासाठी उठून तीन डबे भरणाऱ्या बाईला, अजून अपराधी वाटायला लावण्यात कोणाचे भले होत असेल, असे मला वाटत नाही.

आमच्या घरात याला आळसाचे गोंडस नाव म्हणतात. तो आरोप मी पूर्णपणे नाकारत नाही. ज्यांना मधुमेहासाठी किंवा हृदयासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, त्यांनी ते चालावेच. मात्र शरीराची काळजी घेणे आणि त्याच्यावर दात धरणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पंचविशीत मी पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढत असे. आता दोनदा टेकावे लागते. पूर्वी टेकताना मी चपलेचा पट्टा नीट करण्याचे सोंग करायची, म्हणजे मागून येणाऱ्या पोरांना दम लागलेला कळू नये. हल्ली सरळ पायरीवर बसते, पाणी पिते, खाली पसरलेले शहर पाहते आणि दम परत आला की उठते.

बाराव्या दिवशी मी फाटकाच्याच रस्त्याने गेले. काका होतेच. त्यांनी विचारायच्या आत मी म्हटले, "काका, अकरा दिवसांचा खाडा झाला." ते म्हणाले, "अहो, माझाही परवापर्यंत गुडघा धरलेला होता. मला वाटले तुम्ही विचाराल, म्हणून मी मागच्या बाजूने चालत होतो." मग आम्ही दोघांनी एकच फेरी मारली, तीही सावकाश, आणि बाकड्यावर बसलो.

नमस्कार.