खाडीकाठच्या लोखंडावर इपॉक्सी का टिकत नाही?

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात पावसाळ्यात इपॉक्सीने, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन घटक मिसळून लावायच्या रंगाने, रंगवलेल्या लोखंडी टाकीवर दिवाळीपर्यंत फोड येतात आणि सगळा दोष रंगाच्या डब्यावर जातो. माझं स्पष्ट मत आहे, की बहुतेक वेळा डबा निर्दोष असतो. बिघाड होतो तो मिसळताना आणि लोखंडाच्या पृष्ठभागावर.

आधी मिसळण्याचं पाहू. नेहमीच्या द्रव इपॉक्सी रेझिनचं तुल्यभार मूल्य (अभिक्रियेतल्या एका वाट्याला लागणारं वजन, ग्रॅममध्ये) सुमारे १९० असतं, ट्रायइथिलीन टेट्रामाइन या हार्डनरचं सुमारे २४. म्हणजे १०० ग्रॅम रेझिनला साधारण १३ ग्रॅम हार्डनर लागतो. हार्डनर कमी पडला तर फिल्म, म्हणजे रंगाचा थर, नरम राहते, जास्त झाला तर उरलेलं अमाइन, म्हणजे हार्डनरमधलं रसायन, पाणी ओढून घेतं. हा हिशेब कारखान्याने आधीच करून दिलेला असतो, आणि साइटवर अर्धा डबा नजरेच्या अंदाजाने ओतून आपण तो मोडतो. पूर्ण किट वापरा, नाहीतर वजनकाटा ठेवा.

आता आपल्याकडची हवा. ओलाव्याच्या सोबतीने अमाइन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया करतं आणि ओल्या फिल्मवर मेणचट थर साचतो. त्यावर दुसरा हात मारला, की तो पापुद्र्यासारखा सुटतो. थिनरने पुसू नका, थर नुसता पसरतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून कोमट पाणी आणि स्क्रबिंग पॅडने धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

‘आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत आहे ना, मग चालेल,’ असं सर्रास म्हटलं जातं. ते पुरेसं नाही. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते तो, सुमारे २५ अंशांवर येतो. लोखंड त्याहून किमान ३ अंश गरम हवं, म्हणजे २८ च्या वर. रात्रभर गार झालेली जाड प्लेट सकाळी २६ वरच असते. तिच्यावर पाणी दिसत नाही, तरी काम थांबवायला हवं. मोजायचं ते प्लेटचं तापमान, हवेचं नव्हे.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मीठ. खाडीवरून येणारे क्षार लोखंडावर बसतात, डोळ्यांना दिसत नाहीत. इपॉक्सीतून पाण्याची वाफ हळूहळू आत जाते, खालच्या क्षारात द्रावण होतं, परासरणाने आणखी पाणी ओढलं जातं आणि फोड फुगतो. फोड टोचल्यावर आत पाणी निघालं, तर आधी क्षारांचाच संशय घ्या. Sa २½ या स्वच्छतेच्या दर्जापर्यंत ब्लास्टिंग, म्हणजे ग्रिटच्या (टोकदार कणांच्या) माऱ्याने सफाई, केलं, लोखंड लखलखीत झालं, तरी क्षार गेले असं नाही. ग्रिटच्या माऱ्याने ते खाचांत दाबलेही जातात. म्हणून आधी गोड्या पाण्याचा उच्च दाबाचा फवारा, मग ब्लास्टिंग, मग ब्रेस्ले पॅचने, म्हणजे पृष्ठभागावरचे क्षार मोजायच्या चिकटपट्टीने, चाचणी. आकडा स्पेसिफिकेशनमधल्या मर्यादेच्या वर आला, तर पुन्हा धुवा, पुन्हा ब्लास्ट करा आणि तीच जागा परत तपासा. वेल्डच्या कडा आणि खालच्या बाजूला पॅच आवर्जून लावा. पावसाचं पाणी तिथे धूत नाही, त्यामुळे क्षार तिथेच जास्त साचतात.