तक्रार केली काय?

(दृश्य: पावसाची उघडीप. पाण्यात उभं सोयाबीन. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन शेतकरी.)

"पुरं वावर पान्यात गेलं, काका."

"मंग तक्रार केली काय?"

तक्रार कोणाची? पावसाची? विदर्भातल्या गावात हा प्रश्न कोणालाच वेगळा वाटत नाही. पंतप्रधान पीकविमा योजना 2016 च्या खरिपात आली. स्थानिक आपत्तीत पीक गेलं, तर 72 तासांच्या आत कळवा, असा तिचा नियम महाराष्ट्रात 2024 पर्यंत होता. कागदावर या कळवण्याचं नाव 'पूर्वसूचना'. पीक बुडाल्यावर पूर्वसूचना कसली? गावानं आपला शब्द लावला, तक्रार. त्यात आरोपी नाही. 'पोटाची तक्रार आहे' म्हणतो, तेव्हा तरी कुठे असतो?

(दृश्य: चिखलवाटेनं जाणारी बंडी. चाकाचा आवाज.)

हा आवाज ऐका. कुरकुर. हा शब्द आवाजातूनच आला. कुरकुर कोणाला उद्देशून नसते. चाकाला वंगण मिळालं की थांबते. गाऱ्हाण्याला मात्र ऐकणारं माणूस लागतं, तेही आपलं. गोकुळातल्या गवळणी कान्ह्याचं गाऱ्हाणं घेऊन यशोदेकडेच जातात.

तक्रारीला तारीख लागते, सही लागते आणि पोच लागते. पोच नसेल तर तक्रार झालीच नाही, हे इथला प्रत्येक शेतकरी जाणतो.

हा शब्द मूळचा अरबी. तिथे 'तकरार' म्हणजे पुनरावृत्ती, तेच पुन्हा होणं. फारसीच्या वाटेनं तो इकडे आला. हिंदीत त्याचं भांडण झालं, मराठीत गाऱ्हाणं. विदर्भाच्या कानावर दोन्ही भाषा पडतात. म्हणून 'दोघांत तकरार झाली' म्हटलं तर बाचाबाची, आणि 'त्यानं तक्रार केली' म्हटलं तर अर्ज, हा फरक इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

'तक्रारखोर' हा शब्द मात्र मला सलतो. एकच गोष्ट चारदा सांगणाऱ्याला आपण तो चिकटवतो. पहिल्यांदा ऐकलं असतं, तर त्यानं चारदा कशाला सांगितलं असतं?

(दृश्य: तोच धुरा. शेतकऱ्याच्या कानाला मोबाइल.)

फोन लागत नाही. तो धुऱ्यावरून उंचवट्यावर जातो. नंबर पुन्हा लावतो.

"हॅलो... हो, कालच सांगतलं होतं. पुन्हा सांगतो, लिहून घ्या."